मागच्या सीटवरची फियाट

जानेवारीत चिपळूणचं लग्न आटपून कराडला परत येत होतो. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि मधल्या एका आखूड वळणावर पुढचा पोती भरलेला ट्रक दमून उभाच राहिला. त्याच्या मागे आम्ही, नाक वर करून, पूर्ण चढावर. मला काहीच वाटलं नाही, ब्रेकवर पाय ठेवला, एसी एक पॉइंट वाढवला आणि सहज आरशात बघितलं तर मागे बसलेल्या आईचा हात दाराच्या कडीवर. नुसता ठेवलेला नाही, कडी धरलेली.

म्हटलं काय गं, मळमळतंय का, उतरायचंय का? तर म्हणाली, "नाही रे, गाडी थांबली की जातो हात. सवय."

शेजारी बाबा खिडकीतून बाहेर बघत होते, ते काही बोलले नाहीत. पण आम्हा तिघांनाही बरोबर कळलं होतं की तो हात कुठे चालला होता. तो धोंडूमामाकडे चालला होता.

धोंडूमामा म्हणजे दगड. हेळवाकजवळ कोयनेच्या काठावरून उचलून आणलेला काळा, तीन बाजूंनी घासलेला, साधारण पाच-सहा किलोचा, एका बाजूने बरोबर पाचरीसारखा उतरता. १९८८ ते १९९९ अशी अकरा वर्षं तो आमच्या फियाटच्या डिकीत गोणपाटात गुंडाळलेला असायचा आणि मला वाटतं स्टेपनीपेक्षा जास्त वेळा बाहेर निघाला असेल.

तर ती फियाट. म्हणजे कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण पद्मिनी असं आमच्याकडे कोणी म्हटलेलं मला आठवत नाही, फियाटच. १९७६ चं मॉडेल, बाबांनी एका डॉक्टरांकडून बारा वर्षं वापरलेली घेतली. बाबा विमा कंपनीत, पाटण-कोयनानगरपर्यंत फिरती, आणि आईचं माहेर चिपळूण, म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा तरी कुंभार्ली उतरायचा आणि चढायचा. रंग दुधी. आत रेक्झिनच्या सीटा, पुढची पण सलग बाकड्यासारखी, कारण गिअरची दांडी खाली नव्हतीच, ती स्टेअरिंगच्या दांड्याला. त्यामुळे पुढे तिघं आरामात आणि मागे आम्ही पोरं धरून चार किंवा पाच किंवा मोजायचे नाहीत. पुढच्या दारांना ती त्रिकोणी काच, अर्धी फिरवली की वारा थेट तोंडावर, कुठला एसी त्याची बरोबरी करणार असं मी परवापर्यंत लोकांना सांगत होतो.

सांगत होतो म्हणजे काय, मी या विषयावर फार बोलायचो. फियाटवाल्यांचा एक पंथच असतो. मूळ गाडी इटलीची, इलेव्हन हंड्रेड, त्यातलं डी मॉडेल तिकडे १९६२ ला आलं आणि दोन वर्षांनी इकडे कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायला लागलं. ही कंपनी वालचंद हिराचंदांची, १९४४ ची. सोलापूरचा माणूस, जहाजं, विमानाचा कारखाना, साखर आणि वर मोटारी, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाव आहे तेच हे वालचंद. इटलीवाल्यांनी ते मॉडेल कधीच मोडीत काढलं, आपण मात्र सत्तरीत त्याचं नाव बदललं, चितोडच्या राणीचं ठेवलं आणि गाडी जवळजवळ तीच ठेवून थेट २००० च्या आसपासपर्यंत बनवत राहिलो. कलकत्त्याची अँबॅसिडर, मुंबईची फियाट, मद्रासची स्टँडर्ड, संपली यादी. लायसन्स राज. वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं आणि मिळेल ती गाडी देवाचा प्रसाद म्हणून घ्यायची.

हे सगळं मला पाठ आहे आणि मी ते लग्नकार्यात, लिफ्टमध्ये, जिथे कोणी ऐकेल तिथे सांगतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, ती २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला रजिस्टर झालेली, टॅक्सीला २० वर्षांची मुदत, मुदत संपली, तर त्या दिवशी मी ऑफिसात असा चेहरा करून बसलो होतो की शेजारच्याने विचारलं घरी सगळं ठीक आहे ना.

आता दुसरी गाडी. गेल्या वर्षी नवीन डिझायर घेतली, रोज पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये ऑफिस गाठायला. एएमटी घेतली, म्हणजे क्लच दाबायचाच नाही, डाव्या पायाला पेन्शन. घेताना सेल्समनला मी उगाच विचारलं लांबी किती, तर ३९९५ मिलीमीटर. घरी येऊन फियाटचं जुनं पुस्तक काढलं, ती पण चार मीटरच्या आतच, ३.९ च्या थोडी पुढे. वजन बघितलं तर दोघी नऊशे किलोच्या आसपास. इंजिन हिचं ११९७ सीसी, तिचं १०८९. फरक बघा किती, एका चहाच्या कपाएवढा. बाकी म्हणाल तर तिच्यात चार सिलिंडर असून चाळीसेक घोडे, हिच्यात तीनच सिलिंडर आणि ब्याऐंशीच्या आसपास. म्हणजे बाहेरून माप घेतलं तर पन्नास वर्षांत आपण जागचे हललोच नाही असं वाटावं.

पण हे माप काय योगायोगाने आलेलं नाही आणि मला यातली ही गोष्ट सगळ्यात गमतीची वाटते. २००६ च्या बजेटमध्ये सरकारने छोट्या गाडीला कर कमी केला, छोटी म्हणजे कुठली तर चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आत. झालं, सगळ्या कंपन्यांनी टेप काढली. २००८ ची पहिली डिझायर चांगली चार मीटरच्या पुढे होती, २०१२ ला तिची डिकी मागून कापली आणि ३९९५ वर आणून ठेवली, पाच मिलीमीटर राखून! सेडान म्हटली की पाठीमागे ऐसपैस डिकी हवी, आणि आपल्याकडे सेडानचं शेपूट सरकारी फूटपट्टीने ठरतं. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी खाली आला तोही याच मापाच्या गाड्यांना १८ टक्क्यांवर. एक गाडी लायसन्सने शिवली, दुसरी कराने. शिंपी तोच.

रुंदीत मात्र मोठा फरक. फियाट दीड मीटरसुद्धा रुंद नाही, डिझायर १.७३५. आणि तरी त्या अरुंद गाडीत आम्ही सात-आठ जण बसायचो, या रुंद गाडीत पाच म्हणजे पाचच, पाच पट्टे, सहा एअरबॅग, पुढच्या सीटवर नारळांची पिशवी ठेवली तरी गाडी ओरडते की पट्टा लावा. मी लावतो मग नारळांना पट्टा. आमच्या फियाटला पट्टे नव्हतेच, धाकटी बहीण पुढे आईच्या मांडीवर, समोर पत्र्याचा डॅशबोर्ड. आज माझी मुलगी तशी बसलेली मला एक किलोमीटर पण बघवणार नाही. आणि तरी त्या फोटोला मी फेसबुकवर "ते दिवस" असं लिहिलेलं आहे.

असो, घाटाकडे येतो.

चिपळूणहून परतताना म्हणजे चढताना, मे महिन्यातली दुपार, डिकीत आंब्याच्या पेट्या, वर कॅरिअरला फणस, आत आम्ही. निम्मा घाट झाला की गाडी खोकायला लागायची, दोन आचके, आणि बंद. बाबा नुसते म्हणायचे, "एअर धरला." हा काही आमच्याच गाडीचा अवगुण नव्हता, कार्बोरेटरच्या जमान्यातल्या कुठल्याही गाडीला उन्हात, चढावर, ओझ्यासकट हे व्हायचं. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला, इंजिन तापलं की पंप तापतो, पंपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, आणि पंप बिचारा पातळ पदार्थ ओढायला केलेला, त्याला वाफ ओढता येत नाही. इलाज एकच, बॉनेट उघडायचं आणि पंपावर ओली चिंधी टाकायची. त्यासाठी बाबांची एक जुनी बनियन आणि पाण्याची बाटली कायम गाडीत. चिंधी टाकली की चर्र असा आवाज यायचा आणि आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. नवीन गाडीत पंप असतो पेट्रोलच्या टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला, विजेवर चालणारा आणि तो पेट्रोल दाबून पुढे ढकलतो, दाबाखाली ते सहजी उकळत नाही, संपला विषय. एवढ्याशा बदलाने महाराष्ट्रातल्या किती बनियनी वाचल्या असतील.

तर गाडी गार व्हायची, चालू पण व्हायची, खरी मजा त्यानंतर. चढावरून सुटायचं कसं? हँडब्रेक आमचा घासून गेलेला (बदलायचा खर्च बाबा दर महिन्याला पुढच्या महिन्यावर ढकलायचे), क्लच अर्धा सोडून ब्रेकवरचा पाय अॅक्सिलेटरवर नेईपर्यंत भरलेली गाडी हातभर मागे, आणि मागे दरी. म्हणून आई उतरायची. उतरून डिकी उघडून धोंडूमामाला काढायची आणि मागच्या चाकाला बरोबर पाचर बसवायची. मग हात वर करायची. बाबा पहिला टाकून इंजिन चढवायचे, गाडी थरथरायची आणि निघायची.

आणि एकदा निघाली की थांबायची नाही. थांबली तर परत दगड. त्यामुळे बाबा थोडा सपाट तुकडा येईपर्यंत तशीच पुढे नेत राहायचे, कधी शंभर पावलं, कधी दोन वळणं. आणि आई मागून चालत यायची. डोक्यावर पदर, कमरेवर घागर घ्यावी तसा तो दगड घेतलेला, कडेकडेने, येणाऱ्या एसट्यांना जागा देत. आम्ही मागच्या काचेला नाक लावून तिच्याकडे बघत असायचो. ती लहान लहान होत जायची, वळणावर दिसेनाशी व्हायची आणि मग परत थोड्या वेळाने मोठी मोठी होत यायची. आम्ही हात हलवायचो. ती नाही हलवायची, हातात दगड असायचा ना.

माझ्या आठवणीत हा सगळा प्रकार म्हणजे लहानपणातला सगळ्यात आनंदाचा भाग. खरंच सांगतो. घाटात गाडी बंद पडली नाही तर आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं.

या आठवणीपायीच मी २०१६ ला इचलकरंजीहून एक फियाट घेतली. आमची नाही, आमची १९९९ ला गेली, ती पुढे कुठे गेली देव जाणे. ही दुसरी, पण वर्ष तेच, १९७६. रंग हिरवट होता, तो खरवडून मी मुद्दाम दुधी मारून घेतला. सीटा तशाच शिवून घेतल्या. पॉइंट, प्लग, रिंगा, हाफ इंजिन, मिस्त्री सांगेल ते केलं. किती पैसे गेले ते बायकोला मी दोन हप्त्यांत सांगितलं आणि तिसरा हप्ता अजून सांगितलेला नाही. गाडी कराडच्या घराच्या दारात आणून उभी केली तेव्हा आईने एक चक्कर मारून बघितली आणि म्हणाली छान आहे हो, पण आपलीचा आवाज असा नव्हता. बाबा तर दारातच उभे. म्हणाले, "ही आपली नाही. रंग लावून काय होतंय?"

तेव्हापासून ती कराडलाच पडवीत असते कारण पुण्यात आमच्या सोसायटीला पार्किंगच्या फरशीवर ऑइलचा एक थेंब चालत नाही. दर रविवारी बाबा ती दहा मिनिटं चालू करून ठेवतात, मी सांगितलंय म्हणून, विहिरीवरची मोटर चालू करावी तसे. चोक ओढतात, चालू करतात, बाजूला खुर्ची टाकून पेपर वाचतात, दहा मिनिटं झाली की बंद. बसून एक चक्कर मारा म्हटलं तर नाही. दहा वर्षांत एकदाही नाही. मला वाटायचं वय झालंय, आता स्टेअरिंग जड जात असेल, पॉवर स्टेअरिंग नाही ना.

ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी मुलगी, वय तेरा, फियाट घेऊन चिपळूणला जाऊन आलो. बाबा-आईंना म्हटलं चला, तर आई म्हणाली माझे गुडघे, आणि बाबा म्हणाले त्या दिवशी नळाला पाणी येतं. (रोजच येतं.) जाताना उतारावर सगळे ड्रम ब्रेक, चारही चाकांना, जास्त दाबले तर तापतात आणि मग पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये घूं घूं करत उतरवायची, हे मी मुलीला मोठ्या अभिमानाने समजावून सांगत होतो आणि ती हेडफोन लावून बसली होती. त्रिकोणी काच तिला आवडली. वास नाही आवडला. पेट्रोलचा, रेक्झिनचा, तापलेल्या ऑइलचा असा तो मिश्र वास, मला तो आला की मी दहा वर्षांचा होतो, आणि तिने रुमाल नाकाला लावला.

परत येताना चढावर गाडी बंद पडली नाही. मला थोडं वाईटच वाटलं. पण एका वळणावर पुढे एसटी अडकली, मी थांबलो, आणि तेव्हा कळलं. हँडब्रेक नवीन टाकलेला, तरी गाडी भरवशाची वाटेना. चालत्या गाडीत पहिला टाकायला गेलो होतो तर करकर करून गिअरने नकार दिलेला, मागे एक जीप अगदी चिकटून, शेजारी माझी पोरगी, आणि माझा उजवा पाय अक्षरशः नाचत होता. पाठ घामाने चिंब. सुटलो कसाबसा, इंजिन बोंबलत, क्लचचा जळका वास. वर घाटमाथ्यावर येऊन गाडी बाजूला घेतली, चहा घेतला, तर कप धरलेला हात थरथरत होता. मुलगी म्हणाली, "बाबा, तू एवढा घाबरलास का?" मी म्हटलं छे, स्टेअरिंग जड असतं ना.

म्हणजे मी अकरा वर्षं त्या घाटातून गेलो होतो आणि घाट पहिल्यांदा त्या दिवशी चढला.

मग जानेवारीतली ती डिझायरची फेरी. याच घाटात, याच चढावर, ट्रकच्या मागे. ट्रक हलला, मी ब्रेकवरून पाय काढला, दोनेक सेकंद गाडी स्वतःच धरून राहते, हिल होल्ड म्हणतात, तेवढ्यात अॅक्सिलेटर दिला आणि निघालो. आईच्या हातातली कडी सुटली. बाबांनी डॅशबोर्डकडे बघितलं. "मागं गेली नाही," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने परत, "अजिबात मागं गेली नाही."

पुढे कोयनानगर ओलांडल्यावर मी धीर करून विचारलं, बाबा, त्या फियाटमध्ये तुम्ही एकदा पण बसला नाहीत, का हो? मला वाटलं टाळतील. ते म्हणाले, "तू मागच्या काचेतून बघायचास. मला आरशात दिसायची."

आई मागून म्हणाली, "काय दिसायचं?"

"काही नाही," म्हणाले.

यावर मी काय बोलणार होतो. पाटणपर्यंत कोणीच बोललं नाही. डिझायरमध्ये न बोललेलं फार ऐकू येतं, फियाटमध्ये इंजिनच इतकं बोलायचं की गप्प बसलेला माणूस कोणाला कळायचा नाही.

पाटणला हॉटेलात जेवायला थांबलो आणि बाहेर आलो तर गाडी उघडेना. किल्लीतला सेल संपलेला. तो संपत आलाय हे गाडी महिनाभर स्क्रीनवर सांगत होती, मीच दुर्लक्ष केलं, त्यामुळे दोष माझाच. किल्लीच्या पोटातून दुसरी छोटी किल्ली निघते तिने दार उघडलं, पण आत इंजिन चालू करायला भोकच नाही, नुसतं बटण. मी युट्यूब लावून उभा. एक माणूस हिंदीत सुरुवातीलाच चॅनल सबस्क्राइब करायला सांगतोय, ऊन तापलंय, आई सावलीला जाऊन उभी राहिलेली. बाबांना इतकं खूश झालेलं मी लग्नात पण पाहिलं नव्हतं. हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "चिंधी भिजवून आणू का?"

शेवटी किल्लीच बटणाला टेकवायची असते, टेकवली, झाली चालू.

या वर्षी त्या दारातल्या फियाटला पन्नास वर्षं होतील. पन्नास झाली की तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, २०२१ चा नियम आहे, गाडी मूळ स्वरूपात हवी, वीस हजार फी, आणि नंबरप्लेटवर व्हीए अशी अक्षरं. माझ्या डोक्यात ती प्लेट कधीची बसली होती. पण नियम नीट वाचला तर व्हिंटेज झाल्यावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. म्हणजे चिपळूण बंद. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "रिटायर कर की. आम्ही नाही झालो?" मी अजून ठरवलेलं नाही. ज्या घाटासाठी घेतली तो घाटच बंद करून प्लेट मिरवायची हे पटत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या घाटात परत जायची माझी छाती पण होत नाही, हे मी अजून घरी बोललेलो नाही. रंग मात्र सुंदर लागलाय. संध्याकाळच्या उन्हात दारात उभी असते तेव्हा मी पाच मिनिटं तरी नुसता बघतो.

मागच्या महिन्यात ती पुण्याला आणायची ठरली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, वीस टक्के, ते जुन्या रबराला मानवत नाही, माझ्या पेट्रोलच्या पायपा बोटाने दाबल्या तर मऊ लागायला लागल्या होत्या आणि पुण्यात एक म्हातारे मिस्त्री आहेत ते म्हणाले घेऊन या, पायपा पण बदलू आणि कार्बोरेटर पण उघडू. सकाळी सहाला निघायचं म्हणून उठून पडवीत आलो तर बाबा आधीच तिथे. डिकी उघडी. आत पाच लिटरचा पाण्याचा कॅन, एक जुनी बनियन घडी घालून ठेवलेली, आणि कोपऱ्यात गोणपाटात धोंडूमामा. इतकी वर्षं तो गच्चीच्या दाराला लावलेला असायचा, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

"हा कशाला?" मी म्हटलं.

"तिला विचार. तिने ठेवलाय."

आई आतून म्हणाली, असू दे रे, खंबाटकी घाट आहे मध्ये.

बाबांनी डिकी लावली, एकदा दाबून बघितली. मग म्हणाले, "ओढून न्यायच्या गाडीवाल्याचा नंबर घेतलायस ना?"

निघालो. कराडच्या बाहेर पडलो, हायवेचं काम चालू, डायव्हर्जनवर डायव्हर्जन, आणि प्रत्येक खड्ड्याला डिकीत मागे गड् गड् गड्. तोच आवाज, अगदी तोच, मागच्या सीटला पाठ लावून बसलं की मणक्यातून ऐकू यायचा तो. पहिल्या दोन खड्ड्यांना मला भरून आलं. पाचव्याला वाटलं डिकीचा पत्रा चेपतोय की काय, एवढ्या हौसेने रंग मारलाय. उंब्रजच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, डिकी उघडली, स्टेपनी आणि कॅनच्या मध्ये तो दगड कोंबला आणि बनियनची पाचर मारून घट्ट बसवून टाकला.